निकाली कुस्ती

लातूरच्या गंजगोलाईत, भर बाजारात, भर दुपारी एका अनोळखी माणसानं मागून माझं मनगट धरलं, तिथून हे सगळं सुरू झालं. त्याला औश्याची गाडी कुठून सुटते एवढंच विचारायचं होतं. खेड्यातला माणूस, डोक्याला मळकं मुंडासं. हाका मारूनही मी थांबेना म्हणून त्यानं हात धरला, बस. पण त्याची बोटं मनगटाला लागली आणि माझा डावा पाय आपोआप मागं गेला, कंबर खाली बसली, खांदा वळला. अजून क्षणभर गेला असता तर तो बिचारा कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उताणा पडला असता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात सोडला. "चुकलं मालक," म्हणाला. मी त्याला गाडीचा फलाट सांगितला, तो गेला, आणि मी बराच वेळ तिथंच उभा. कचेरीचं टपाल पोचवायचं होतं, ते काखेत तसंच. किती वर्षांत मला कुणी असं धरलंच नव्हतं. लोक नमस्कार करतात, पाठीवर थाप मारतात, काय पैलवान म्हणतात. पण मनगट धरणं म्हणजे विचारणं असतं, येतोस का म्हणून. आणि माझ्या अंगानं मला न विचारता हाव म्हणून टाकलं होतं.

आता हे अंग काय चीज आहे ते सांगतो. लोकांना वाटतं पैलवानी सुटली की पोट पुढं येतं, मान गळते, संपलं. तसं नसतं. अंग वाट बघत बसतं. कचेरीत साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसलो की मांड्या आतल्या आत बैठका मारत राहतात. भूक तर मेलीच नाही. बहात्तरच्या दुष्काळात खुराक सुटला. दूध, बदाम, तूप कुठलं, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर मिळाली तरी नशीब. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलो. मुकादम सरकारी सुकडी वाटायचा, ती ओंजळभर खाऊन हे एवढं धूड हातोडा चालवायचं. लोक मुद्दाम बघायला यायचे. पैलवान खडी फोडतोय म्हणजे फुकटचा तमाशा की. तेव्हाच लंगोट खुंटीला लागला. पुढं लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादेतून तुटून वेगळा निघाला. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या खुर्च्या, आणि त्यात मला एक स्टूल मिळालं. सातवी पास, उंचापुरा, दारात शोभतो, म्हणून मिळालं. तक्रार नाही. पण जिल्हा नवा झाला तरी आभाळ जुनंच राहिलं. शहाऐंशीचा आषाढ कोरडा गेला, श्रावणही कोरडाच लागला, आणि आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा यायचा. पंचफुला, माझी बायको, घागरी रांगेत लावून दिवसभर उन्हात बसायची आणि घरी येऊन माझ्या ताटाकडं बघायची. एकदाच म्हणाली, "तुमचं अंग कुस्ती इसरलं तर घरात दोन भाकरी उरतील." खरंच होतं ते. मी तिसरी मागितली नाही, पण भूक काही विसरली नाही.

त्याच आठवड्यात सिद्धराम बाबूनं मला आत बोलावलं. सिद्धराम आमच्या कचेरीतला कारकून, निलंग्याकडचा, मनानं चांगला, पण कुणाचं भलं करायचं म्हटलं की त्याला घाई सुटते. "पैलवान, खूशखबर हाय बघा," म्हणाला. "जिल्ह्याचा वाढदिवस. कुस्त्यांचं मैदान भरवायलेत. जुन्या मल्लांचा सत्कार. तुमचं नाव मी घातलंय."

"काय करावं लागंल?"

"काय न्हाई. फेटा बांधायचा, हात वर करायचा, मैदानात एक फेरी मारायची. लातूरचे बिनजोड मल्ल म्हणून पुकारतील. नारळ घ्यायचा, घरी जायचं."

त्याला वाटलं मी खूष होईन. मी त्याच्या टेबलाची कड धरून उभा होतो, आणि माझ्या नाकात नारळाच्या शेंडीचा तो कोरडा वास आला. मी म्हणालो, "फेरी मारणार न्हाई. धरायची असंल तर कुस्ती धरीन."

"ह्या वयात? कुणासंगं?"

"नांदेडच्या जहांगीरसंगं."

सिद्धराम हसला, मग माझ्याकडं बघून हसायचा थांबला. त्याला काय सांगायचं की फेरी म्हणजे काय. फेरी म्हणजे तुम्ही लंगोट लावून, अंगाला माती चोळून, हात वर करून मैदानाच्या कडेकडेनं चालायचं, आणि ज्याला तुमच्याशी लढायचंय त्यानं उठून तुमचा हात धरायचा. जत्रेत अशीच जोड लागते. मी पहिल्यांदा औश्याला फिरलो तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि खरं सांगतो, मराठवाड्यात माझ्या छातीची चार पोरं नव्हती. निजामोद्दीन वस्तादांनी मला त्यांच्या तालमीत घेतलं होतं. आमच्या वस्तीतलं पोर तालमीच्या दारात उभं राहिलं तेव्हा आतली निम्मी पोरं कपडे घालायला लागली. वस्तादांनी हौदातली मूठभर माती घेतली आणि माझ्या पाठीला चोळली, स्वतःच्या हातानं, खसाखसा. "अब चल," म्हणाले. ती माती मी दोन दिवस धुतली नव्हती. आई ओरडली होती. तर औश्याला मी हात वर करून फिरलो. एक फेरी झाली. बसलेले पैलवान एकमेकांकडं बघत होते. कुणाचं बोट दुखत होतं, कुणाचं वजन जुळत नव्हतं, कुणी लघवीला उठून गेला. शिवी नाही, हाकलणं नाही, सगळं कसं अगदी अदबीनं. दुसरी फेरी झाली. हलगीवाला वाजवून थकला. मग पंच पुढं आले, त्यांनी माझा हात धरला नाही, लांबूनच काठीनं दाखवला आणि ओरडले, "रामकिशन पैलवान, लातूर, बिनजोड." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढं नारळ टाकला. मी तो उचलला. आधी मला खरंच वाटलं की मी जिंकलो. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "लेकरा, तुला कुणी भ्यालं न्हाई. तुला कुणी शिवलं न्हाई." छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला होता, देव्हारा काढून टाकला होता, आता आपण नवे झालो असं मला वाटायचं. मी नवा झालो होतो, पण मैदानाच्या कडेला बसलेले ते सगळे जुनेच होते. त्यानंतर दोन वर्षं मी जत्रा फिरलो, आणि दर जत्रेला नारळ आणला. घरात नारळच नारळ. लहान बहीण म्हणायची, भाऊ काय करतो तर नारळ जिंकतो. मी तिला एकदा मारलं त्यावरून.

मग चाकूरची जत्रा. मी फिरत होतो, दुसरी फेरी, नजर खाली, कारण वर बघितलं की लोक नजर चुकवून आपलीच बोटं मोजायला लागायचे. कडेला एक माणूस भाजलेल्या शेंगा खात बसला होता. रोडकाच, पण हाडानं जड, मान खांबासारखी. त्यानं हातातल्या शेंगा शेजारच्याच्या ओच्यात ओतल्या, तळवे झटकले, उठला आणि माझं मनगट धरलं. "नांदेडका जहांगीर," म्हणाला. "कबसे फिर रहा रे तू? मेरेको चक्कर आ रा देखके." ती बोटं मला अजून आठवतात. कोरडी होती, शेंगांच्या फोलपटाची, आणि अंगठा माझ्या नाडीवर होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी जोरात शड्डू ठोकला.

त्या दिवशी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. दिवस मावळायला आला होता, लोकांना गाड्या जोडायच्या होत्या. पण लोकांना जोड आवडली. लातूर आणि नांदेड, एक आडवा, एक उभा. पुढच्या जत्रेला ठेकेदारांनी आम्हालाच बोलावलं, त्याच्या पुढच्या जत्रेलाही. आणि हळूहळू एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आधी त्याच्या, मग माझ्या. ज्या जोडीचा निकाल लागला ती जोड संपली. पडलेल्याला पुन्हा त्याच्याशी कोण लावणार? लोकांना राहिलेली कुस्ती बघायची असते. तेव्हा आमची राहायलाच पाहिजे होती. जहांगीर पडला काय, जिंकला काय, त्याला काय फरक पडत होता? त्याचा हात धरायला शंभर जण होते. पण माझं काय? त्यानं मला पाडलं किंवा मी त्याला पाडलं, पुढच्या जत्रेला मी पुन्हा हात वर करून फिरणार. हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही. बोलायचं असतं का असलं? एकदा मी त्याचा पट काढला होता, तो पार माझ्या खांद्यावर आला होता, नुसतं मागं टेकायचं होतं. त्यानं माझ्या कानात म्हटलं, "सोच ले." मी सोडला. एकदा त्यानं मला सोडलं, देगलूरला, हे मला अंगानं कळलं होतं. अशी अकरा वर्षं. दर जत्रेला बरोबरी. हात वर करून पंच दोघांना फिरवायचे, आणि त्या फेरीत माझा एक हात पंचांच्या हातात असायचा. मग आम्ही दोघं गोदावरीत पोहायला जायचो, नांदेडला, आणि अख्तरी, त्याची बायको, एकाच परातीत आम्हाला वाढायची. तो खायचा कमी, गप्पा जास्त. म्हणायचा, "तू नै होता तो मैं कबका बडा पैलवान होता रे." थट्टेनं म्हणायचा. मी हसायचो. पण घरी येताना गाडीत ते टोचत राहायचं.

कारण खरं तर मला कळलंच नाही. मी पैलवान होतो का? आधी कुणी धरलं नाही म्हणून जिंकलो, मग ज्यानं धरलं त्याला मी पाडलं नाही आणि त्यानं मला. सबंध हयातीत एक कुस्ती निकाली झाली नाही. निकाली म्हणजे पाठ मातीला लागली, आकाश दिसलं, झालं. हरलो असतो तरी चाललं असतं, शपथ सांगतो. पंचफुलाला मी हे सांगायचा प्रयत्न केला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आन निकाल लागला तर काय हुईल?" मी म्हणालो, "मला कळंल." ती म्हणाली, "कळून काय हुईल?" मी तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला. पण मनगटाला त्या माणसाची बोटं लागल्यापासून मला एवढं एकच सुचत होतं, की मरायच्या आत एकदा, एकदाच, निकाली. आणि तीही जहांगीरशीच, कारण दुसरं कुणी मला धरणार नव्हतं आणि धरलं असतं तरी मला दुसरं कुणी नको होतं.

नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ जहांगीरला निरोप दिला: मला नुसतं फिरवायलेत, धरायला ये. दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरनं उत्तर आणलं: येतो म्हणावं. एवढंच. जहांगीरनं काही विचारलं नाही ह्याचं मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. मी पहाटे उठून जोर मारायला लागलो. गुडघा करकरायचा. खुंटीवरचा लंगोट उंदरांनी कुरतडला होता, नवा शिवून घेतला, शिंपी माप घेताना खाली बघून हसत होता. हसू दे. कचेरीत स्टुलावर बसून मी एकाच गोष्टीचा विचार करायचो: जहांगीरचा मुर्दा. हा त्याचा हुकमी डाव. चालू कुस्तीत तो म्हणायचा, थम जरा, दम लेने दे, आणि एकदम सगळं अंग टाकून द्यायचा. मेल्यासारखं. मान तुमच्या खांद्यावर, हात लोंबते, श्वास बंद. समोरचा माणूसच असतो, दचकतो, पकड ढिली करतो, आणि तेवढ्यात हा खाली घुसून दोन्ही पाय ओढतो. कितीतरी पैलवान त्यानं असे पाडले. मला त्याचा तोड माहीत होता. निजामोद्दीन वस्तादांनी शिकवला होता: मुर्दा पडला की ढिला पडायचं नाही, दया करायची नाही, त्याच क्षणी कमरेत घुसून उचलायचं आणि डोक्यावरून मागं टाकायचं. अकरा वर्षं तो तोड मी अंगात दाबून ठेवला होता, कारण तो वापरला असता तर निकाल लागला असता.

मैदान बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत होतं. लाल माती ट्रकनं आणून टाकली होती, पण माती नुसती टाकून भागत नाही, आठ-आठ दिवस पाणी, ताक, हळद घालून तिला खालीवर करावं लागतं, तेव्हा ती पाठीखाली दबते. इथं पाणी कुठलं? आदल्या दिवशी कुणा पुढाऱ्यानं एक टँकर आणवला. मी बघायला गेलो होतो. टँकरचा नळ मातीवर सोडला आणि पलीकडं बायका घागरी घेऊन उभ्या. त्यांत पंचफुला होती. ती ओरडली नाही, पुढंही आली नाही. पाणी मातीत जिरत होतं आणि ती बघत होती, माझ्याकडं नाही, पाण्याकडं. वरची बोटभर माती ओली झाली आणि टँकर संपला. खाली टाच मारली तर टणक. माती पसरणाऱ्या पोरांना मी म्हणालो, खणा जरा. पोरं म्हणाली, काका, इथंच परेडपण हाय आमची उद्या. घरी गेलो तर पंचफुलानं तांब्याभर पाणी पुढं ठेवलं आणि म्हणाली, "प्या. उद्या लढायचंय न्हवं तुम्हाला." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

जहांगीर सकाळच्या गाडीनं उतरला, आणि त्याच्याबरोबर अख्तरीभाभी. ती कधी कुठल्या मैदानाला आली नव्हती. "इसकी खाला रहती लातूरमें," तो म्हणाला. शेरवानीसारखा लांब कोट घातला होता, ऊन एवढं आणि गळ्यापर्यंत बटणं. गाल बसले होते, पण त्या वर्षी कुणाचे बसले नव्हते? मीही आरशात बघतच होतो की. त्यानं माझ्या पोटात बोट खुपसलं. "सरकारी चरबी," म्हणाला. आम्ही मांडवाच्या कडेला बसलो. सिद्धराम दोन चहा ठेवून गेला. मला बोलायचं होतं आणि बोलणं तोंडात येत नव्हतं. शेवटी म्हणालो, "जहांगीरभाई, या बारीला निकाली धरायची."

त्यानं चहा बशीत ओतला. "निकाली?"

"हाव. बरोबरी नको. कानात बोलायचं न्हाई, सोडायचं न्हाई. खरी."

अख्तरीभाभी मागं बसली होती, ती म्हणाली, "भाई, ये..." आणि जहांगीरनं मागं न बघता हात वर केला, ती गप्प झाली. मी ते बघितलं. मला वाटलं, बायकोला कुस्तीतलं काय कळतं म्हणून थांबवली. तो बशीतला चहा हलवत राहिला, प्यायला नाही. "इत्ते साल तेरेको ये होना था?" म्हणाला. मी म्हणालो, हाव. मग तो हसला, आधीसारखाच, पुढचा दात पडला होता तेवढाच फरक. "तो चल. निकाली."

पोरांच्या कुस्त्या झाल्या, भाषणं झाली. मग आम्हाला पुकारलं. त्यानं कोट काढला तेव्हा लोकांत थोडी कुजबूज झाली, पण हलगी इतक्या जोरात होती की मला काही ऐकू आलं नाही, आणि माझं त्याच्या अंगाकडं लक्ष नव्हतं, हाताकडं होतं. तो हात पुढं आला. सलामी झाली. बोटं लागली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी दुष्काळ, कचेरी, स्टूल, पंचफुलाची घागर, सगळं गेलं. मी पुन्हा चाकुरात होतो. त्याचा हात गरम होता, तापलेल्या भांड्यासारखा, आणि मला वाटलं, जोर करून आलाय गडी. मान मानेला लागली. त्याचा श्वास माझ्या कानाशी शिट्टी वाजवत होता. आम्ही घसरत घसरत फिरलो. त्यानं एकदा पट काढायला वाकून बघितलं, मी मागं सरकलो, लोक ओरडले. आणि मग तो म्हणाला, "थम जरा. दम लेने दे." मी मनात हसलो. अरे गुलामा, अजून तेच. आणि त्याचं सगळं अंग माझ्या खांद्यावर आलं. मान लोंबली, हात सुटले, श्वास थांबला. मुर्दा. मी ढिला पडलो नाही. वस्तादांनी सांगितलं होतं तसा कमरेत घुसलो, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि उचलला. आणि उचलताना कळलं. वजनच नव्हतं. जहांगीर उचलला की कंबरेत कळ यायची माझ्या, आणि हे म्हणजे वाळलेला कडबा उचलल्यासारखं. तो डाव खेळत नव्हता. हे मला कळलं तेव्हा तो माझ्या डोक्याच्या वर होता, आणि माझं अंग माझ्या पुढं गेलेलं होतं. ज्याची ते इतकी वर्षं वाट बघत होतं ते त्याला मिळालं होतं, ते कशाला थांबतंय. तो मागं पडला. ओल्या मातीचा आवाज होत नाही, कोरडीचा होतो.

पंचांनी शिट्टी फुंकली, माझा हात धरला, वर केला. चीतपट. लोक उठून उभे राहिले. आणि मी, हे सांगायलाच पाहिजे, दोन-तीन पावलं हात वर करून चाललो. मला आनंद झाला होता. पोटातून आला होता तो, थांबवता येण्यासारखा नव्हता. मग मागं वळून बघितलं. जहांगीर आभाळाकडं डोळे उघडे ठेवून पडला होता आणि अख्तरीभाभी मैदानात धावत येत होती, चप्पल एकीकडं, ओढणी एकीकडं. मैदानात बाई आली म्हणून कुणीतरी ओरडलं.

सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की मानेचा मणका गेला आहे, खालचं अंग परत येण्यासारखं नाही, आणि छाती तर आधीच पोखरलेली आहे, नांदेडला घेऊन जा, घरच्या माणसांत राहू दे. चांगला माणूस होता, सगळं हळू बोलला. मी वऱ्हांड्यात येऊन बसलो. अख्तरीभाभी तिथंच होती. ती माझ्यावर ओरडेल, शिव्या देईल, म्हणून मी तीन दिवस वाट बघत होतो. तिनं ओढणीच्या टोकानं हात पुसले आणि म्हणाली, "उनको टीबी है, भाई. दो महिनेसे खाना नै जाता. डागदरने खाटपरसे उठना नै बोले."

"मंग आले कशाला?" मी म्हणालो. "मला कळवायचं, मी..."

"मैं पाँव पडी उनके. बोली, नक्को जाओ. तो बोले, मैं नै गया तो रामकिशनको कोन पकडेगा? उसकेच शहरमें उसको हात उप्पर करके फिराएँगे." तिनं ओढणी डोक्यावर पुढं ओढली. "बोले, खडे-खडे थोडा खेलेंगे, पंच छुडा देंगे, हमेशा सरका. फिर तुम निकाली बोले. तो मेरेकू बोलनेच नै दिए."

मी भिंतीकडं बघितलं, तिथं जिल्ह्याच्या वाढदिवसाची पताका कुणीतरी सुतळीनं बांधली होती, वाऱ्यानं हलत होती. मला कळायचं होतं ना, ते कळलं. अकरा वर्षं ती जोड त्यानं सांभाळली होती, मी नाही. मी नुसता धरला गेलो होतो. पंचफुला दुपारी भाकर बांधून घेऊन आली, भाभीला जवळ बसवून खाऊ घातलं, दोघी हळू बोलत होत्या. माझ्यापुढंही तिनं दोन भाकरी ठेवल्या. भूक होती. एवढं होऊनही भूक होती, आणि मी दोन्ही भाकरी खाल्ल्या. माझा मलाच किळस आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नांदेडला न्यायला जीप आली. माणसं कमी होती, सिद्धराम आणि ड्रायव्हर. सिद्धरामला वाटत होतं सगळं त्याच्यामुळं झालं, तो दोनदा रडून गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, उचलायला अजून दोघं लागतील. मी म्हणालो, नको. मी एकट्यानं त्याला उचललं, मान भाभीनं दोन्ही हातांत धरली, आणि जीपच्या मागच्या गादीवर आडवं केलं. त्याचे डोळे माझ्यावर होते. तीन दिवसांत तो माझ्याशी बोलला नव्हता, ताप होता, शुद्ध यायची-जायची. आता शुद्धीत होता. ओठ हलले म्हणून मी वाकलो.

"रामकिशन," तो म्हणाला. "पीठ लगी थी क्या मेरी?"

मला आधी कळलंच नाही.

"मेरेकू समज्याच नै," तो म्हणाला. "गर्दनके नीचे कुछ मालूमच नै हुआ. लगी क्या?"

तो माझ्याकडं बघत राहिला. ह्या माणसानं माझं तोंड इतक्या जवळून बघितलेलं होतं की मी कुठल्या बाजूला झुकणार हे त्याला माझ्या आधी कळायचं. सिद्धराम मागं उभा होता, ड्रायव्हर चावी लावून बसला होता, भाभी पायांवर चादर ओढत होती. चीतपट झाली होती. पंचांनी हात वर केला होता, सबंध लातूरनं बघितलं होतं. माझ्या आयुष्यातली एकुलती एक निकाली कुस्ती.

"न्हाई," मी म्हणालो. "पंचांनी सोडवली. बरोबरीत."

त्यानं डोळे मिटले, उघडले. मग म्हणाला, "तो फिर रह गई."

"हाव. राहिली."

"फिर पकडेंगे."

मी हाव म्हणालो. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं, निघू का म्हणून. चाकूरवरून जायचं होतं, रस्ता खराब, ऊन चढलं होतं. मी त्याला थांब म्हणून खूण केली. माझा हात जहांगीरच्या मनगटावर होता. उचलून ठेवल्यापासून तिथंच होता. त्याला ते माहीत नव्हतं.